ओढ्याअलीकडचं माहेर

मुळशीकडून परत आलेली माणसं डोंगरांचं वर्णन करतात, नदीचं करतात, हल्ली नव्या धरणाच्या कामाचंही करतात. मी तिकडे दीड महिना राहून आले आणि पाहिलं काय, तर एक ओढा, एक झोपडी आणि साठ-सत्तर मेंढ्या. ज्या गावाला म्हणून गेले ते करंजवाडी गाव मी ओढ्याच्या अलीकडून पाहिलं. तरीही प्रवासवर्णन लिहिण्याचा हक्क मी सोडणार नाही. चार दिवसांच्या बोलीवर निघालेली बाई दीड महिन्याने परतते, तेव्हा मधल्या दिवसांचा जाब तिला कुणाला तरी द्यावाच लागतो.

पुण्यात: पोस्टकार्डावरचं वैद्यक

आधी माझी ओळख. मी पुण्यात एका बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स आहे. मागल्या इन्फ्लुएंझाच्या साथीत माझे यजमान गेले. त्यानंतर वर्षभर मी कोपऱ्यात बसून काढलं आणि मग वडिलांनी मला नर्सिंग शिकायला घातलं. परीक्षेत पहिली आले, आणि तेव्हापासून माझ्या स्वभावाला जे वळण लागलं ते माझ्या हाताखालच्या मुलींना विचारा.

माझी धाकटी बहीण सरू करंजवाडीच्या शाळामास्तरांना दिलेली. तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, म्हणजे तिनं सातव्या महिन्यात पुण्याला यायचं हे ठरलेलंच होतं. तेवढ्यात आमच्या पेठेत उंदीर पडू लागले. शेजारच्या आळीत दोघं गेले. लोक घरांना कुलपं लावून शहराबाहेर झोपड्यांत राहायला निघाले. अशा वेळी गरोदर मुलीला पुण्यात आणणार कोण? सरू सासरीच राहिली आणि तिची तपासणी पत्रानं करायचं मी ठरवलं. कल्पना माझीच. तिचा मला मोठा अभिमान होता.

दर आठवड्याला मी मास्तरांना पोस्टकार्ड धाडी. त्यावर आकडे घालून प्रश्न: पायांस सूज आहे काय, डोके दुखते काय, भूक कशी, मुलाची हालचाल कशी. मास्तर शाळेत पेपर सोडवावेत तशी उत्तरं देत. ‘प्रश्न पहिला: अल्प. प्रश्न दुसरा: क्वचित. प्रश्न तिसरा: उत्तम.’ कार्ड उघडंच. ते चावडीवर चार जणांच्या हातांतून जाणार. बायकोच्या पायांविषयी याहून जास्त लिहिणारा नवरा महाराष्ट्रात जन्मायचा आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी मात्र ‘अल्प’ वाचून ‘पाय उशीवर ठेवावेत’ असं उलट टपाली कळवीत होते आणि वहीत बरोबरची खूण करीत होते.

मग एक कार्ड आलं. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘हल्ली सायंकाळी सौ.च्या डोळ्यांपुढे चमचम होते. चष्म्याची आवश्यकता असावी काय?’

मी ते उभ्यानंच वाचलं आणि खाली बसले. सूज, डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे चमचम, ही तीन एका बाईच्या ठिकाणी आली की पुढे काय होतं ते मी दवाखान्यात पाहिलं आहे. झटके येतात. आई जाते, नाहीतर मूल जातं, कधी दोघंही. हे वेळेत ओळखायचं तर बाईला हात लावून बघावं लागतं आणि तिची लघवी उकळून बघावी लागते. पोस्टकार्डावर यातलं काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशी मी प्लेगची लस टोचून घेतली, दोन दिवस तापानं फणफणले आणि चौथ्या दिवशी निघाले.

पौडाचा रस्ता

सामान असं होतं: चामड्याची बॅग, तिच्यात स्पिरिटचा दिवा, काचेच्या नळ्या, मोजपट्टी, वही, शिवाय छत्री, कॅनव्हासचे बूट आणि माझं पहिल्या नंबराचं प्रशस्तिपत्र. प्रशस्तिपत्र कशाला घेतलं ते आता सांगता येत नाही. खेड्यातली माणसं कागद बघून वाट देतात, असं मनात असावं.

पुण्याहून निघालेल्या माणसाला त्या दिवसांत कुणी गाडीत घेत नसे. बावधनपर्यंत एका दूधवाल्याच्या रिकाम्या गाडीतून आले. पुढे एक बैलगाडीवाला पौडाकडे निघालेला भेटला. त्यानं मला घेतलं, पण एका अटीवर.

“त्वांड तिकडं करून बसायचं,” तो म्हणाला. “वारा म्होरनं हाय. माझ्याकडं बघून खोकायचं न्हाई.”

“मला खोकला नाही.”

“नसंना का. तिकडंच बघा.”

म्हणून सबंध प्रवास मी पुण्याकडे तोंड करून केला. येणारं काही दिसेना, गेलेलं सगळं दिसे. पिरंगुटची चिंचेची झाडं मागे जाताना पाहिली. घाट चढतोय हे गाडी मागे कलंडून बॅग माझ्या पाठीवर आली तेव्हा समजलं. पौड आलं हे तर पौड संपल्यावर कळलं. धरणाच्या कामावरची एक मोटार लॉरी मात्र समोरून, म्हणजे माझ्या पाठीमागून, आली. तिच्या धुळीनं मी इतकी माखले की गाडीवान पहिल्यांदाच वळून बघून हसला. पौडाजवळ त्यानं नाचणीची अर्धी भाकरी आणि कांदा माझ्या मागे फळीवर ठेवला. मी ती मागे हात करून घेतली. इतक्या शिष्टाचारानं मी कधी पंगतीतही जेवले नव्हते. भाकरी फार चांगली होती.

पुढचे तीन कोस पायी. कॅनव्हासचे बूट पहिल्या कोसात फाटले.

ओढ्याशी

करंजवाडीच्या शिवेवर एक ओढा आहे. मार्गशीर्षात घोट्याच्या वर पाणी नव्हतं. रुंदी फार तर वीस हात. पलीकडे कुणी साध्या आवाजात बोललं तरी ऐकू यावं. मी पदर खोचला, बॅग डोक्यावर घेतली आणि पाय घालणार तोच पलीकडून आवाज आला.

“बाई, हितंच थांबा.”

गावचे पाटील उभे होते. उंच, पांढऱ्या मिश्यांचे, हातात काठी. मागे पाच-सहा माणसं आणि त्यांच्यात तोंड लपवून आमचे मास्तर.

मी म्हटलं, “मी मास्तरांची मेहुणी. नर्स आहे.”

“व्हय, ठावं हाय. पुण्यास्नं आलायसा न्हवं?”

“मी प्लेगची लस टोचून घेतली आहे.” मी दंडाकडे बोट दाखवलं. “हे पाहा.”

“ती तुमाला टोचलीया. आमाला कुटं टोचलीया?”

यावर मी आवाज चढवला. सात महिन्यांची गरोदर बाई आहे, तिला धोका आहे, तुम्ही अडाणीपणा करता आहात, वगैरे. पाटलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मास्तरांना पुढे ढकललं.

“मास्तर, त्यो कागूद वाचा.”

मास्तरांनी खिशातून एक पोस्टकार्ड काढलं आणि वर्गात वाचावं तसं वाचलं, “‘गावात साथ येऊ द्यायची नसेल, तर पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकास दहा दिवस गावाबाहेर वेगळे ठेवावे. मग तो कोणीही असो. कोणाच्याही शब्दाला भुलू नये.’” एवढं वाचून ते खालच्या आवाजात म्हणाले, “अक्का, ‘कोणीही’ या शब्दाखाली आपण दोन रेघा मारल्या आहेत.”

अक्षर माझंच होतं. रेघाही माझ्याच.

“चावडीवर तीनदा वाचून घेतलंया,” पाटील म्हणाले. “लई शानं लिवलंय बगा. ह्या सालात गावात येक उंदीर पडला न्हाई. धरनानं आमची रानं चाललीती, आता मानसं तरी ऱ्हाऊ द्या.”

त्यांनी काठीनं दाखवलं. ओढ्याच्या अलीकडे, करंजाच्या झाडाखाली, माझ्याच सल्ल्यावरून बांधलेली कुडाची झोपडी होती. तिला गावानं ‘पुण्याची झोपडी’ असं नाव दिलं होतं. तिच्यात राहायला आलेलं पहिलं माणूस मी.

ओरडून तपासणी

झोपडीला शेजार होता. मागच्याच माळावर एका धनगरणीचा मेंढ्यांचा वाडा होता. हौसाबाई नाव. साठीची, काटक, दातांत मिशरी. तिचा नवरा आणि मुलगे निम्मी मेंढरं घेऊन खाली देशावर गेले होते, ही गाभण मेंढ्या सांभाळत मागे राहिली होती. गावाच्या बाहेरच राहणारी, त्यामुळे माझ्याशी बोलायला तिला बंदी नव्हती. आसपासच्या वाड्यांतल्या बायकांची सुईणही तीच. मला ते कळलं तेव्हा मी तिला स्वच्छतेवर थोडं व्याख्यान दिलं. तिनं ते ऐकलं आणि मला एक तांब्या दूध दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूला ओढ्यावर आणायला सांगितलं. ती आली. डोक्यावरून पदर, आठ महिन्यांपूर्वी पाहिलेल्या माझ्या सरूहून थोराड दिसत होती. मला वाटलं, चांगलं अंग धरलं आहे. तिच्यासोबत तिच्या सासूबाई, त्यांना मी काकू म्हणते, मास्तर, आणि दवाखाना कसा असतो ते बघायला निम्मं गाव.

मी अलीकडून खणखणीत आवाजात प्रश्न पहिला विचारला. “सरू, पायांना सूज आहे का?”

“नाही गं अक्का, बरी आहे.”

“डोकं दुखतं का?”

“बरी आहे.”

“शौचाला साफ होते का?”

पलीकडची माणसं डोंगराकडे बघू लागली. सरूचा पदर नाकापर्यंत खाली आला. “बरी आहे,” ती म्हणाली.

मग मी मास्तरांना सांगितलं की तिची नडगी अंगठ्यानं दाबा आणि खळगा पडतो का ते सांगा. काकूंनी मास्तरांकडे असं पाहिलं की ते जागीच थिजले. पण मेहुणीची आज्ञाही मोडवेना. त्यांनी धोतर जरासं वर करून स्वतःची नडगी दाबली आणि कळवलं, “खळगा पडत नाही.”

त्या माणसाला मी काय बोलणार? त्यानं प्रश्न सोडवला होता.

पाटीलही माझ्या मदतीला आले. म्हणाले, “बाई, बामनाची सून हाय. गावाम्होरं काय सांगंल ती?” हे त्यांना कळत होतं आणि मला, परीक्षेत पहिली आलेलीला, कळत नव्हतं.

तिसरा दिवस: नळीतलं सत्य

तरी माझ्याजवळ एक हुकमी पान होतं. जिभेला लाज वाटेल, पण काचेच्या नळीला वाटत नाही. मी एक बाटली धुऊन ओढ्याच्या मधोमध खडकावर ठेवली आणि काकूंना सांगितलं की उद्या सकाळची पहिली लघवी यात भरून इथंच ठेवा. काकूंचा चेहरा आंबट झाला, पण त्या बाटली घेऊन गेल्या.

सकाळी बाटली भरून आली. मी स्पिरिटचा दिवा पेटवला, नळी धरली, उकळी येऊ दिली. दोष असला तर उकळताना पांढरा साका धरतो. नळी कशी, स्वच्छ. मी दोनदा बघितली, उजेडात धरून बघितली. स्वच्छ.

हौसाबाई शेजारी उकिडवी बसली होती. “मूत उकळतीया व्हय? आन काय दिसलं?”

“सगळं उत्तम आहे.” माझा ऊर भरून आला. मी ओढ्यावर गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “काकू, तपासणी निर्दोष आहे. काळजीचं काही कारण नाही. डोळ्यांपुढची चमचम अशक्तपणाची आहे.” वहीत लिहिलंही. सरूनं पलीकडून हात हलवला, मीही हलवला आणि अगदी हलकी होऊन झोपडीत आले. आता उरलेले दिवस मजेत काढावेत, निसर्ग वगैरे पाहावा, असा माझा बेत होता.

हौसाबाई तिथंच उभी होती, पलीकडे कान देऊन.

“तुजी भैन हात हलवतीया,” ती म्हणाली, “पर बांगडी वाजंना.”

“म्हणजे?”

“हिरवा चुडा हाय न्हवं हातात? काल घागर उचालली तवा बी वाजला न्हाई. आज हात हालला तवा बी न्हाई. हात सुजून काकनं रुतली असतीली.” तिनं आपल्या कळपाकडे बोट केलं. “आमी मेंढरं बगत न्हाई, बाय. ऐकतू. ज्या मेंढीच्या गळ्यातली घाटी वाजंना, तिच्याकडं पयलं जायाचं.”

डोहाळजेवणाला सरूच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या होत्या, हे मास्तरांनी कार्डात लिहिलं होतं. मी ते वाचून पुढच्या प्रश्नाकडे वळले होते. आता मी हौसाबाईला समजावू लागले की नळी खोटं बोलत नाही. ती म्हणाली, “नळी कशाला खोटं बोलंल? कुनाचं व्हतं त्ये?”

मी वहीतली नोंद पुन्हा काढून पाहिली. दुपारी काकू एकट्या पाणी भरायला आल्या तेव्हा मी खडकापर्यंत गेले आणि विचारलं.

काकूंनी कळशी खाली ठेवली. “खरं सांगू? पहिलटकरणीचं काही घराबाहेर द्यायचं नसतं. विंचरलेला केसदेखील आम्ही चुलीत टाकतो. कोण काय करील सांगता येत नाही. आणि तुझ्या शेजारी ती परकी बाई. मी माझं दिलं.”

म्हणजे त्या दिवशी मी छप्पन्न वर्षांच्या बाईला निर्धोक गरोदरपणाचा दाखला दिला होता. ओढ्याच्या काठावरून, मोठ्यानं, सगळ्या गावाच्या साक्षीनं.

मी हसले असते. पण काकू पुढे म्हणाल्या, “तू सगळं उत्तम म्हणालीस, म्हणून मी निश्चिंत झाले. आज सकाळपासून तिचं कपाळ फुटतंय. मी म्हटलं, नर्सबाईनं बघितलंय, काही नाही, ऊठ, दळण घे.”

मी पुण्याहून धोका ओळखायला आले होते आणि येऊन धोक्यावर शिक्का मारून ‘नाही’ असं लिहून दिलं होतं. मी न येते, तर निदान काकूंनी तिला दळायला तरी बसवलं नसतं.

पाणी ओलांडून

मी तशीच ओढ्यात शिरले. मागून हौसाबाईनं माझा पदर धरला.

“कुटं?”

“तिच्याकडे. सोड मला.”

“आन पुन्याचा पलेग असला अंगात तर? गावभर वाटत जानार?” तिनं पदर सोडला नाही. “तू तिकडं जाऊ नगं. तिला हिकडं आन. हिकडं आली की ती बी झोपडीतली. गावाला भ्या न्हाई.”

एवढी साधी गोष्ट. दोन दिवस मी ओढ्याकडे बघत होते आणि तो मी ओलांडायचा एवढंच मला सुचत होतं. आणि तिला इकडे आणायचं तर प्लेगचं भय माझ्याबरोबर झोपडीत होतंच. पण पुणे सोडून मला तीन दिवस झाले होते. ताप नव्हता, गाठ नव्हती. झटक्याचं भय मात्र त्या घटकेचं होतं. मी मनाशी दोन्ही तोललं आणि काकूंना सगळं सांगितलं, झटक्यांसकट. काही झाकलं नाही.

काकू पांढऱ्याफटक पडल्या. “भरल्या पोटी वाहतं पाणी ओलांडायचं नसतं. शीव ओलांडायची नसते.”

मला वाद घालायचा होता. माझी जीभ वळवळत होती. पण त्या बाईला मी आज सकाळीच एकदा शहाणपण शिकवलं होतं. मी गप्प राहिले. आयुष्यात मी केलेल्या उपचारांतला हा पहिला बरा उपचार म्हणायला हरकत नाही.

काकू कळशी तशीच टाकून घराकडे गेल्या. अर्ध्या तासानं परत आल्या त्या सरूला धरून. मागे मास्तर अंथरूण घेऊन, त्यांच्या मागे पाटील. काकूंच्या हातात सुपात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. त्यांनी काठाशी बसून ओढ्याची ओटी भरली. पाण्यात तांदूळ सोडले, खण सोडला आणि हात जोडून म्हणाल्या, “आई, ही तुझ्याच काठची सून. हिला पलीकडे माहेरी सोडते आहे. वाट दे.” मग सरूचा हात धरून स्वतः पाण्यात उतरल्या.

“काकू, तुम्ही आलात तर तुम्हालाही दहा दिवस परत जाता येणार नाही,” मी म्हटलं.

“माहीत आहे. माझ्याच मुलानं वाचून दाखवलंय.”

पाटील काठावर उभे होते. मास्तर पाण्यात पाय घालू लागले तेव्हा त्यांनी काठी आडवी धरली. “तुमी न्हाई. शाळा हाय. अंथरून खडकावर ठिवा.”

सरू झोपडीत आली तेव्हा मी तिची नडगी दाबली. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. दोन्ही मनगटांत हिरव्या बांगड्या मांसात बसल्या होत्या. मग खरी बाटली, खरी नळी. उकळी यायच्या आतच दूध फाटावं तसं पांढरं झालं.

चुडा

औषध म्हणाल तर माझ्याजवळ फारसं नव्हतंच, आणि तसं ते पुण्यातही नाही. अंधारी जागा, डाव्या कुशीवर पडून राहणं, पोट साफ ठेवणं, मीठ बंद आणि दूध. दूध हौसाबाईचं. काकू त्या तांब्यावर आधी पाणी शिंपडत, मगच सरूला देत. पाचव्या दिवशी शिंपडायचं विसरल्या आणि सहाव्या दिवशी हौसाबाईला “अगं, आज उशीर केलास” म्हणून रागावल्या.

बांगड्यांचं मात्र कठीण होतं. मनगटात काच रुतलेली. काढायच्या तर फोडूनच. मी चिमटा हातात घेतला आणि वर बघितलं. काकूंनी माझ्या मनगटांकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. सवाष्णीचा, त्यात गरोदर बाईचा हिरवा चुडा, आणि तो फोडायचा कुणी, तर मी.

सरूनं दोन्ही हात पुढे केले. “तूच काढ, अक्का. मला त्याचं काही नाही.”

तिला नव्हतं, मला होतं. माझ्या हातातल्या बांगड्या ज्या दिवशी गेल्या, तो आवाज मला अजून ऐकू येतो. चिमटा माझ्या हातात तसाच राहिला.

हौसाबाईनं सरूची बोटं दाबून बघितली. “बोटं ऊन हायती. नकं लाल हायती. हात उशाला उंच बांदा आन थांबा. काकनं कुटं पळून जात्याती?”

बोटं खरोखरच ऊन होती, म्हणून थांबता आलं. नसती तर मी त्या फोडल्याच असत्या, असं मी स्वतःला सांगते.

ते दिवस फार लांब होते. सरूला मीठ नाही म्हणून काकूंनीही मीठ सोडलं, म्हणून मलाही सोडावं लागलं. तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मी मेंढ्यांना बघायला जाते असं सांगून हौसाबाईच्या वाड्यामागे बसून भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा खाल्ला. परत आले तर सरू डोळे मिटूनच म्हणाली, “अक्का, ठेचा तिखट होता का गं?” रोगी इतका जागा आहे याचा मला आनंद झाला, असं मी उत्तर दिलं.

रोज सकाळी नळी उकळत होते. पहिले तीन दिवस साका तेवढाच. चौथ्या दिवशी सरूचं डोकं इतकं दुखलं की ती मला ओळखेना. मी तिच्याजवळून हलले नाही, आणि माझं पहिल्या नंबराचं प्रशस्तिपत्र बॅगेतून डोकावत होतं ते घेऊन तिला वारा घातला. त्याचा एवढा चांगला उपयोग पूर्वी झाला नव्हता. पाचव्या दिवशी दुखणं थोडं ओसरलं. सहाव्या दिवशी साका जरा पातळ वाटला. मी कुणाला सांगितलं नाही. जाहीर करण्याची हौस माझी फिटली होती.

आठव्या दिवशी सकाळी काकू चुलीपाशी होत्या, मी दिवा पुसत होते, हौसाबाई दाराशी दूध घेऊन उभी होती. सरूनं तहान लागली म्हणून उशाच्या तांब्याकडे हात नेला.

बांगड्या वाजल्या.

फार नाही, दोनच एकमेकींवर आपटल्या. काकूंचा हात पिठात तसाच राहिला. सरू तांब्या घ्यायची विसरली आणि मुद्दाम पुन्हा हात हलवला. पुन्हा वाजल्या. काकू पदर तोंडाला लावून रडू लागल्या. हौसाबाई म्हणाली, “आता बाय तुजी नळी उकळ.” मी उकळली. आधीच कळलेलं नळीनं उशिरा सांगितलं.

दहा दिवस झाले, गाव आम्हाला मोकळं झालं. पण काकूंनी ठरवलं की एकदा पाणी ओलांडलं, आता मोकळी होईपर्यंत पुन्हा नाही. मी वाद घातला नाही. आडवं पडून राहायला झोपडी घरापेक्षा बरीच होती. पौषाच्या अखेरीला, तीन आठवडे आधी, पहाटे उजाडताना सरूला मुलगी झाली. लहानशी, पण रडण्यात कुणाला हार न जाणारी. बाळंतपण मी केलं असं मला लिहायला आवडेल. ते हौसाबाईनं केलं. मी सांगितल्यावर तिनं हात साबणानं दोनदा धुतले आणि मग मला म्हणाली, “आता तू तिची पाठ चोळ.” मी चोळली.

बातमी ऐकून पाटलांनी नारळ आणि गूळ पाठवला. आमची बंदी उठून महिना होत आला होता, तरी तो सवयीनं ओढ्यातल्या खडकावरच ठेवला होता. निरोप असा होता की पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरीच झालं, चांगलं झालं.

परत

येताना तोच गाडीवान भेटला. पुण्यात उंदीर थांबले होते, त्यानं मला पुढे तोंड करून बसू दिलं. बावधनवरून शहर दिसू लागलं आणि मला वाटलं, आता सगळ्यांना सांगायला माझ्यापाशी एखादा शोध असावा. काही नव्हता. फाटके बूट आणि हौसाबाईनं दिलेली मूठभर लोकर होती.

पोस्टकार्डं मी अजून लिहिते, पण त्यांत एकच ओळ असते: ‘इकडे या, नाहीतर मी येते.’

दवाखान्यात गरोदर बाई आली की पहिला प्रश्न विचारण्याआधी मी तिला फळीवरचा तांब्या मागते. हाताखालच्या मुलींना वाटतं, बाईंना फार तहान लागते. परवा एकीनं धीर करून विचारलं, “बाई, तांब्या घेताना तुम्ही मान खाली घालून काय ऐकता?” मी तिला गप्प राहा म्हणून खूण केली. माझ्या हातात बांगड्या नाहीत. त्यामुळे खोलीत जे वाजतं ते दुसरीचंच असतं, आणि ते मला नीट ऐकू येतं.